लक्ष्य विचारण्याआधी लक्ष द्या
बँकांच्या झोनल आणि रिजनल मॅनेजरांना खुले पत्र

सर्व साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी सदतीस वर्षं एका सरकारी बँकेत काढली. १९८७ साली सातारा जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत क्लार्क-कम-कॅशियर म्हणून लागले आणि २०२४ साली चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. मधली अकरा वर्षं वेगवेगळ्या शाखा सांभाळल्या, तीन वर्षं रिजनल ऑफिसला (आरओला) होते. संध्याकाळच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या बैठकीत, मी उत्तरं देणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्याही. त्यामुळे तुमच्याविषयी मनात राग नाही. तुम्हालाही वरून फोन येतात हे मला माहीत आहे.

पत्राला निमित्त एका मुलीचं झालं. माझ्या हाताखाली पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून आली होती, आता मराठवाड्यात एका शाखेची मॅनेजर आहे. दिवाळीत घरी आली. फराळाची बशी तशीच राहिली आणि ती मला फोनवर एक सर्क्युलर दाखवत बसली. बुधवारी दुपारी साडेचारला सगळ्या स्टाफसाठी माइंडफुलनेसचा वेबिनार, हजेरी सक्तीची. ध्यानाचं एक ॲप प्रत्येकाने डाउनलोड करायचं आणि कोणत्या शाखेत किती टक्के डाउनलोड झाले ते संध्याकाळपर्यंत कळवायचं. त्यांच्या रिजनची टक्केवारी कमी आली, म्हणून त्यावर वेगळा रिव्ह्यू झाला.

ती म्हणाली, "मॅडम, त्या बाई सांगत होत्या, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. आणि माझा दुसरा फोन वाजत होता. आरओचा होता. मला कळेना, उचलू की नको."

उचलला तिने. दुसरं काय करणार होती!

मी ध्यानाच्या विरोधात नाही, हे आधी सांगते. २००९ साली हक्काची रजा टाकून मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. पहाटे चारला घंटा. फोन आणि पुस्तकं जमा केलेली, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मला रडू फुटलं. कारण काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही स्वतःपाशी शांत बसले नव्हते, एवढंच. त्या दहा दिवसांचं ऋण मी आजही मानते. पण तिथे माझ्याकडे दहा दिवस होते, आणि त्या दहा दिवसांत मला कुणी आकडा विचारला नाही.

आज ज्याला सगळीकडे माइंडफुलनेस म्हणतात त्याचा एक मोठा प्रवाह अमेरिकेतून आला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही आठवड्यांचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यांच्याकडे येणाऱ्यांत जुनाट दुखणी घेऊन जगणारी माणसं होती, औषधांनी ज्यांचं भागत नव्हतं. जे दुखणं जाणारच नाही त्याच्यासोबत कसं जगावं, हे त्यांना शिकायचं होतं. मला इथेच थांबून तुम्हाला विचारायचं आहे. शाखेतल्या माणसांचं दुखणं त्या जातीचं आहे का? रात्री साडेआठची व्हीसी हा काही संधिवात नव्हे. ती आपण लावतो. आपण ठरवलं तर उद्या सहाला संपेल.

ऑक्सफर्डमधले संशोधक विल्यम फ्लेमिंग यांचा एक अभ्यास २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी त्यात होते. ध्यानाची ॲप्स, ताण हाताळण्याचे वर्ग, मन खंबीर करण्याची प्रशिक्षणं यांत भाग घेणारे कर्मचारी आणि भाग न घेणारे कर्मचारी यांची त्यांनी तुलना केली. भाग घेणारे काही जास्त बरे नव्हते. वेगळी दिसली ती एकच गोष्ट, समाजासाठी स्वेच्छेने काम करण्याची संधी. बाकी सगळ्याचं सार असं, की कामाची पद्धत तशीच ठेवून माणसाला तेवढं दुरुस्त करायला गेलं तर फार काही हाती लागत नाही. शाखेत बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण हेड ऑफिसला अभ्यास लागतो, म्हणून सांगितलं.

आता मी ज्याला खरं ध्यान म्हणते ते सांगते. ते मला बँकेच्या काउंटरवर शिकायला मिळालं.

माझ्या पहिल्या शाखेत हेड कॅशियर होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्या काळी शंभर नोटांच्या पॅकेटला पिना मारलेल्या असायच्या. त्या उपसताना बोटांची टोकं सोलून निघत. शेजारी ओल्या स्पंजची वाटी. काका नोटा मोजायला लागले की त्यांचे ओठसुद्धा हलत नसत. अंगठा तेवढा चालायचा. मी नवीन, मोजता मोजता कुणी आलं की मान वर करायची, दोन शब्द बोलायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आठ दिवस त्यांनी बघितलं आणि एकदा माझ्या हातातलं पॅकेट काढून बाजूला ठेवलं. म्हणाले, "पोरी, नोट मोजताना नोट मोज. माणूस समोर आला की नोट खाली ठेव आणि माणसाकडे बघ. दोन्ही एकदम करशील तर नोटही चुकेल आणि माणूसही."

काकांनी कधी ध्यानाचं शिबिर केलं नव्हतं. पण काउंटरवर आलेल्या म्हातारीचा अंगठा ते शाईच्या पॅडवर स्वतः धरून ठेवायचे आणि तेवढ्यात तिच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची. रांग मोठी असली तरी. आणि रांग बोंब मारत नसे, कारण आपली पाळी आली की आपल्याकडेही असंच बघितलं जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या तुम्हाला आठवत असतील. एक कॅशियरकडे, एक ऑफिसरकडे. सकाळी दोघं शेजारी उभे राहिल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांनी चोरीच्या भीतीने केला, हे खरं. तरी त्या दोन मिनिटांत किती गोष्टी कळायच्या! समोरच्याचा हात थरथरतोय, डोळे सुजलेत, आज बोलत नाहीये. काकांच्या पत्नीचं ऑपरेशन मला असंच कळलं होतं. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवली आणि क्षणभर कपाळ दाराला टेकवलं.

मग संध्याकाळी कॅश टॅली. एकदा हजार रुपये कमी भरले. १९८९ साल, हजार रुपये म्हणजे माझ्या पगाराचा मोठा हिस्सा, आणि शॉर्ट आली तर कॅशियरने खिशातून भरायची हा शिरस्ता. त्या दिवशी शाखेतलं कुणी घरी गेलं नाही. मॅनेजर साहेबांनी बाहेरून भजी मागवली, शिपाईमामांनी कचऱ्याची टोपली उलटी करून एकेक कागद बघितला, दोघं जण व्हाउचर तपासायला बसले. रात्री नऊला सापडलं. पेमेंटचं एक व्हाउचर स्क्रोलमध्ये, म्हणजे दिवसाच्या नोंदवहीत, चढायचं राहिलं होतं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्या रात्री मी या बँकेची झाले.

पुढे नोटाबंदी आली. १० नोव्हेंबर २०१६ ला बँका उघडल्या, त्यानंतरचे शनिवार-रविवारही आम्ही काउंटरवर होतो. रात्री दहा-अकरापर्यंत नोटा मोजत बसायचो. लोक विचारतात, तेव्हा कसं निभावलंत? काम कमी होतं म्हणून नाही, आयुष्यात एवढं काम कधी केलं नाही. पण दुपारी आळीपाळीने का होईना, डबे एकत्र उघडत होते. शाखेसमोरच्या दुकानदाराने आठ दिवस चहाचे पैसे घेतले नाहीत. माणूस कामाने लगेच मोडत नाही. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटायला लागलं की मोडतो.

आपल्या द्विभाषिक सर्क्युलरमध्ये टार्गेटला लक्ष्य लिहितात. लक्ष आणि लक्ष्य यांत एका 'य'चा काय तो फरक. गेल्या पंधरा वर्षांत आपल्या शाखांमधून लक्ष कमी होत गेलं आणि त्याची जागा लक्ष्याने घेतली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि काही अंशी माझ्या हातांनी केलं.

रिजनल ऑफिसला होते तेव्हा मी व्हीसी घ्यायचे. पडद्यावर चाळीस चौकोन, प्रत्येकात एक थकलेला चेहरा. शाखेचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, आज किती, उद्या किती? एका संध्याकाळी एका तरुण मॅनेजरला मी तिसऱ्यांदा विचारलं, "उद्या किती पॉलिसी?" तो म्हणाला, "पाच." त्याला माहीत होतं एकही होणार नाही. मलाही माहीत होतं. मी पाच लिहून घेतले आणि पुढच्या शाखेकडे वळले. ज्या धंद्यात एक रुपयाचा फरक राहिला तरी दिवस बंद होत नाही, त्या धंद्यात रोज संध्याकाळी आम्ही चाळीस खोटे आकडे गोळा करत होतो. भीतीने माणूस काम करत नाही, आकडा देतो. याची मला आज लाज वाटते.

आणि तो खोटा आकडा खरा करायला कुणीतरी सापडावं लागतं. मग बळी जातो काउंटरसमोरच्या म्हाताऱ्या माणसाचा. पुढे एका शाखेत असेच एक आजोबा माझ्या केबिनमध्ये आले. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, वय बहात्तर. आदल्या वर्षी दोन लाखांची एफडी करायला आले होते आणि विम्याची पॉलिसी घेऊन गेले. त्यांना वाटलं एफडीच केली. आता व्याज न्यायला आले, तर दुसरा हप्ता भरा असं त्यांना सांगण्यात आलं. फ्री लूकची, म्हणजे पॉलिसी परत करण्याची, मुदत कधीच उलटली होती. ज्या मुलाने ती पॉलिसी विकली तो वाईट नव्हता, मी ओळखते त्याला. त्या दिवशी संध्याकाळी त्याला व्हीसीत उभं राहायचं होतं आणि समोर आजोबा बसले होते. त्याने आजोबांकडे बघितलंच नाही. त्याला फक्त आकडा दिसला. आजोबा गेल्यावर तो मागच्या खोलीत जाऊन बसला, बराच वेळ.

म्हणून मी म्हणते, हा प्रश्न केवळ स्टाफच्या मनःशांतीचा नाही. ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो समोरच्याकडे बघू शकत नाही.

माझीही एक गोष्ट सांगते, कारण ती लपवून हे पत्र लिहिणं बरोबर होणार नाही. मी शाखा सांभाळत असताना एक क्लार्क केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. मी फोनवर आरओला डिपॉझिटचा आकडा कळवत होते. तो म्हणाला, "मॅडम, थोडं बोलायचं होतं." मी हाताने खूण केली, नंतर. ते नंतर आलंच नाही, मी विसरून गेले. तीन आठवड्यांनी त्याने राजीनामा आणून ठेवला. वडील अंथरुणाला खिळले होते, त्याला गावाजवळ बदली हवी होती. मी शब्द टाकला असता तर बहुधा झालीही असती. मी म्हटलं, अरे, मला सांगायचं नाही का? तो म्हणाला, "आलो होतो मॅडम. तुम्ही वर बघितलं नाहीत."

काकांनी शिकवलेलं मी त्या दिवशी विसरले होते.

हॉथॉर्नचे प्रयोग आपण सगळ्यांनीच परीक्षांसाठी पाठ केलेत. शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, संशोधक एल्टन मेयो, दिव्यांचा उजेड कमी-जास्त केला वगैरे. त्यातला एक भाग आपण घाईत वाचून सोडतो. १९२८ पासून तिथे वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारत होते. मग लक्षात आलं की माणसांना भलतंच काही बोलायचं असतं. तेव्हा प्रश्न बाजूला ठेवले आणि बोलू दिलं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. शंभर वर्षं होत आली याला. तुमच्या रिव्ह्यूमध्ये शाखेच्या माणसाला सलग पाच मिनिटं तरी बोलायला मिळतं का? अर्थात नुसतं ऐकून घेणं आणि काहीच न बदलणं ही तर आणखी मोठी फसवणूक. हो म्हटलेल्या दहांतली एक गोष्ट झाली तरी माणूस पुढच्या वेळी खरं बोलतो.

रजेचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावं लागतं, तेही आधी न सांगता. त्या काळात त्याला कामाशी संबंधित काहीही हाताळता येत नाही, अंतर्गत ई-मेल तेवढा चालतो. हा नियम आहे घोटाळा उघडकीला यावा म्हणून. योग्यच आहे. पण बघा, सलग दहा दिवस माणसाला खरोखर मोकळं सोडणं आपल्याला जमतं. एकाच्या गैरहजेरीत शाखा चालते. मग विश्रांतीसाठी मागितलेल्या चार दिवसांच्या रजेवर त्याला रोज तीन फोन का जातात?

आणि रविवार. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे नारायण मेघाजी लोखंडे सहा वर्षं झगडले, तेव्हा १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आठवड्यातून एक दिवस माणसाने आपल्या माणसांत असावं, समाजाचं काही करावं, ही त्यांची मागणी होती. आपल्याला २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवारही मिळाला. त्या शनिवारी कॅम्प असतो आणि रविवारी सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर रिजनची क्रमवारी येते, तळाच्या पाच शाखा लाल रंगात. ती लाल ओळ बघून एका घरातलं दुपारचं जेवण कसं होत असेल, याचा विचार ती पाठवणाऱ्याने एकदा करावा. मी पाठवलेल्या आहेत. मी केला नव्हता.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. यातल्या कशालाही हेड ऑफिसची मंजुरी लागत नाही, हे मी रिजनल ऑफिसला तीन वर्षं बसून सांगते आहे. दुपारी दीड ते तीन या वेळात शाखेला फोन करू नका. स्टाफ दोन पाळ्यांत जेवेल, काउंटर चालू राहील, ग्राहकाची तक्रार येणार नाही. व्हीसी आठवड्यातून एकदा घ्या आणि सहाच्या आत संपवा. बाकीचे आकडे सिस्टीममध्ये दिसतातच, ते माणसाच्या तोंडून वदवून घेण्यात फक्त त्याचा अपमान असतो. ज्याला बोलायचं असेल ते त्याला एकट्याला, फोन करून बोला. चाळीस जणांसमोर नको. रविवारची क्रमवारी सोमवारी पाठवा. आणि कुणी "थोडं बोलायचं होतं" म्हणून दारात उभं राहिलं तर हातातला फोन पालथा ठेवा.

वेबिनार बंद करा असं मी म्हणत नाही. ज्याला मनापासून करायचं आहे त्याला करू द्या, त्याची टक्केवारी मात्र मागू नका.

आणि एक विनंती. पुढच्या महिन्यात तुमच्या रिजनमधली सगळ्यात लांबची, सगळ्यात लहान शाखा निवडा. आधी कळवू नका, नाहीतर हार आणि बुके आणायला कुणाला तरी तालुक्याला पळावं लागेल. गाडी जरा लांब उभी करा आणि सकाळी पावणेदहाला आत जा. इन्स्पेक्शन करू नका. ते दोघं स्ट्राँग रूमपाशी जातील, किल्ल्या लावतील, तेव्हा बाजूला उभे राहा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. घरून डबा न्या. दुपारी त्यांच्यात बसून खा. तुमच्या डब्यात काय आहे ते ते विचारतील, सुरुवातीला घाबरत घाबरत.

त्या मराठवाड्यातल्या मुलीच्या शाखेत गेलात तर एवढंच सांगते, तिच्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी फार चांगली असते. पण तिचा डबा गेले कित्येक महिने साडेचारच्या आधी उघडलेला नाही.

आपली,
एक निवृत्त शाखा व्यवस्थापक
सातारा